सांगोल्याचा निकाल नुसत्या विजेत्याच्या नावावरून का वाचू नये

सोलापूर जिल्ह्यात, सांगलीच्या हद्दीला खेटून सांगोला तालुका आहे. पर्जन्यछायेतला, माण नदीकाठचा, ज्वारीचा आणि अलीकडच्या काळात डाळिंबाचा. विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत त्याचा क्रमांक २५३. महाराष्ट्राच्या निवडणुकांचा विषय निघाला की या मतदारसंघाचं नाव हमखास येतं, कारण इथून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. सगळ्या वेळी एकाच पक्षाकडून, शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप).

वर्षं ओळीनं लिहून पाहू. १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मधल्या दोन खाचा म्हणजे १९७२ आणि १९९५. या दोनदा गणपतराव हरले. २०१९ ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांकडून हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख जिंकले आणि जागा पुन्हा शेकापकडे आली.

एवढं वाचून बहुतेक जण एकच शब्द उच्चारतात : बालेकिल्ला. मला वाटतं, मतदारसंघाचा इतिहास समजून घेताना सर्वांत जास्त नुकसान हाच शब्द करतो. कारण ही यादी फक्त विजेत्यांची आहे. प्रत्येक निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराला किती जणांनी मत दिलं, ते या यादीत कुठंच दिसत नाही, आणि सांगोल्याची खरी गोष्ट तिथं आहे.

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मतं मिळवण्याची अट नाही. दुसऱ्या क्रमांकापेक्षा एक मत जास्त असलं तरी पुरतं, आणि मग पाच वर्षं नकाशावर तो अख्खा मतदारसंघ एका रंगात रंगवला जातो. पन्नास हजारांनी जिंकलेला आणि पाचनं जिंकलेला, दोघांचा रंग सारखाच गडद.

आता १९९५ चा निकाल जवळून बघा. त्या वर्षी काँग्रेसचे शहाजीबापू पाटील गणपतरावांपेक्षा १९२ मतांनी पुढे राहिले. १९२ चा अर्थ काय? एकाला दिलेलं मत दुसऱ्याकडे गेलं तर फरक दोननं कमी होतो. म्हणजे पाटलांना मत दिलेल्यांपैकी ९७ जणांनी देशमुखांना मत दिलं असतं तर निकाल उलटला असता. ९७ माणसं म्हणजे एखाद्या वाडीतली मतदानाला आलेली मंडळी. त्या ९७ जणांवर इतिहासातली ती ओळ ठरली. तसं झालं असतं तर आज आपण अकरा नव्हे, बारा विजयांबद्दल बोलत असतो. एवढ्याशा फरकावरून ‘तालुक्यानं गणपतरावांना नाकारलं’ असं म्हणणं बरोबर नाही. तालुका त्या दिवशी जवळजवळ बरोबर मधोमध विभागला होता, एवढंच म्हणता येतं.

त्याच वर्षी राज्यात काय झालं ते शेजारी ठेवा. १९९५ साली महाराष्ट्रात काँग्रेसची घसरण झाली, २८८ पैकी फक्त ८० जागा मिळाल्या. शिवसेना ७३ आणि भाजप ६५, असं युतीचं सरकार आलं. म्हणजे राज्यभर काँग्रेस पडत असताना सांगोल्यात काँग्रेस जिंकली. आणि १९६२ साली, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा घेतल्या होत्या, तेव्हा सांगोल्यानं शेकापला निवडलं. २०२४ मध्ये महायुतीच्या तीन पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या आणि सांगोल्यात महायुतीचा विद्यमान आमदार पडला. तीन वेळा राज्याचं वारं एकीकडे, सांगोला दुसरीकडे.

पण यावरून ‘सांगोला नेहमी उलटा वाहतो’ असा नियम काढला तर १९७२ आडवं येतं. बांगलादेश युद्धानंतरच्या त्या निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या आणि त्या लाटेत गणपतरावही हरले. दोनच वर्षांनी पोटनिवडणुकीत ते परत आले. पोटनिवडणुकीचा निकाल कधीही वेगळा वाचावा. त्या दिवशी राज्यात इतरत्र मतदान नसतं, सरकार बदलणार नसतं, त्यामुळे मतदार मुख्यमंत्री कोण व्हावा याचा हिशेब बाजूला ठेवून समोरच्या माणसाकडे बघू शकतो. शिवाय मधल्या काळात १९७२-७३ चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता. दुष्काळामुळेच निकाल फिरला असं छातीठोकपणे सांगणं मला पटत नाही, पण दोन निवडणुकांमधला काळ कसा गेला होता हे माहीत असावं.

मग हे मत पक्षाला होतं की माणसाला? यासाठी शेकापची राज्यातली स्थिती बघावी लागते. स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधूनच बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशा नेत्यांनी हा पक्ष उभा केला. बहुजन शेतकऱ्यांचा, डाव्या विचारांचा पक्ष. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो आघाडीवर होता. खटारा ही त्याची जुनी निशाणी, आणि लाल बावटा. १९७८ मध्ये विधानसभेत त्याचे १३ आमदार होते, आणि शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात गणपतराव मंत्री झाले. १९९९ मध्ये पाच आमदार उरले. त्या वर्षी विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारातही ते मंत्री होते. २०१४ मध्ये तीन. २०१९ मध्ये एक, तोही सांगोल्याचा नव्हे, नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचा. २०२४ मध्ये पुन्हा एक, या वेळी सांगोल्याचा.

म्हणजे पक्ष राज्यभर आटत गेला आणि सांगोल्यात टिकला. यावरून ‘मत माणसालाच होतं’ असं उत्तर चटकन सुचतं. एसटीनं फिरणारा आमदार, साधं राहणं, सूतगिरणीसारखी सहकारी संस्था नीट चालवणं, पाण्यासाठी वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा, या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचं वजन मोठं होतं. मलाही त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. पण ३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले आणि त्यानंतरच्या पहिल्याच विधानसभेला शेकापचा उमेदवार एक लाखाच्या वर मतं घेऊन निवडून आला. मत निव्वळ त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभं असतं तर ते त्यांच्यासोबत संपायला हवं होतं. घराण्याचं नाव उपयोगी पडलं हे खरंच. पण नावाच्या मागे गावागावांतली शेकापची माणसं असतात, दूध संस्था, सोसायट्या, ग्रामपंचायतीतले गट असतात. बाहेरून ज्याला आपण ‘एका नेत्याचं मत’ म्हणतो, ते आतून पाहिलं तर अनेक गावकीच्या गटांनी मिळून धरलेलं मत असतं. त्यात आपला समाज, आपली भावकी, पाण्याचं राजकारण, सगळं येतं. सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे आणि गणपतराव त्या समाजातले होते, हेही या हिशेबातून वगळता येत नाही. फक्त तेवढ्यानं सगळं समजलं असं मानू नये. एकाच जातीच्या बळावर कुणी पाच दशकं निवडून येत नाही.

आता शेवटच्या तीन निवडणुका शेजारी शेजारी ठेवतो, कारण या लेखात मला सांगायचंय ते सगळं या आकड्यांत आहे.

२०१४ मध्ये गणपतरावांना सुमारे ९४ हजार मतं पडली, शहाजीबापूंना सुमारे ६९ हजार. फरक २५ हजारांचा. २०१९ मध्ये शहाजीबापूंना ९९,४६४ आणि अनिकेत देशमुखांना ९८,६९६. फरक ७६८. २०२४ मध्ये बाबासाहेब देशमुखांना सुमारे १ लाख १६ हजार, शहाजीबापूंना सुमारे ९१ हजार, आणि उद्धव ठाकरे गटाच्या दीपक साळुंखेंना सुमारे ५१ हजार. फरक पुन्हा २५ हजारांच्या घरात.

विजेत्यांची यादी सांगते : शेकाप, मग शिवसेना, मग शेकाप. त्यावरून वाटतं की २०१९ ला शेकापची मतं गळाली आणि २०२४ ला परत आली. आकडे नीट पाहा. २०१९ मध्ये नातवाला आजोबांपेक्षा साडेचार हजारांच्या आसपास मतं जास्तच पडली होती, तरी ते हरले. शेकापचं एकही मत आकड्यात कमी झालं नव्हतं. वाढलं होतं ते समोरचं मत, तीस हजारांनी. पाच वर्षांत विरोधकांची तीस हजार मतं एका जागी गोळा झाली. हे कसं घडलं? सांगोल्याच्या राजकारणात देशमुख आणि पाटील यांच्याशिवाय तिसरा एक मोठा गट आहे, दीपकआबा साळुंखेंचा. तो अनेक वर्षं गणपतरावांच्या सोबत असायचा. २०१९ ला तो शहाजीबापूंकडे गेला. त्याच्या जोडीला राज्यात भाजप आणि शिवसेना त्या वेळी एकत्र लढत होते, जे २०१४ ला वेगवेगळे लढले होते. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या आणि काटा ७६८ नं झुकला. म्हणजे ३८५ जणांनी. जवळपास दोन लाख मतं या दोघांत वाटली गेली आणि निकाल चारशेहून कमी माणसांनी ठरवला.

२०२४ मध्ये साळुंखे स्वतः उभे राहिले. निकालानंतर बऱ्याच ठिकाणी सरळ बेरीज मांडली गेली : पाटलांची ९१ हजार आणि साळुंखेंची ५१ हजार मिळून १ लाख ४२ हजार होतात, ती देशमुखांच्या १ लाख १६ हजारांपेक्षा जास्त, म्हणजे मतविभागणीमुळे शेकाप जिंकला. ही बेरीज करणारा एक गोष्ट विसरतो. साळुंखे उभे होते ठाकरेंच्या शिवसेनेकडून, म्हणजे महाविकास आघाडीच्या बाजूनं, आणि शेकाप त्याच आघाडीचा मित्र होता. सांगोल्याच्या जागेवर दोघांचं जमलं नाही म्हणून दोघंही उभे राहिले. साळुंखे नसते तर त्यांच्या ५१ हजारांपैकी सरकारवर नाराज असलेला मतदार पाटलांकडे गेला असता की देशमुखांकडे? काही इकडे, काही तिकडे, काही घरीच बसले असते. हरलेल्या दोघांची मतं मिळवून ‘खरा विजेता’ काढण्याचा खेळ जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो, कारण त्यात मतदाराची दुसरी पसंती आपण आपल्याच मनानं ठरवतो.

आणखी एक बारकावा. शहाजीबापूंची मतं २०१९ च्या तुलनेत साडेआठ हजारांच्या आसपासच घटली. २०२२ च्या शिवसेनेतल्या बंडावेळी गुवाहाटीहून त्यांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ हे वाक्य घरोघरी पोहोचलं होतं, टीका झाली, कौतुकही झालं, पण तालुक्यातल्या ९१ हजार लोकांनी त्यांना पुन्हा मत दिलं. पराभव मोठा दिसतो तो देशमुखांची मतं सतरा हजारांनी वाढली म्हणून. आणि तिघांची बेरीज २ लाख ५८ हजार होते, तर २०१९ मध्ये पहिल्या दोघांची १ लाख ९८ हजार होती. एकूण मतदानच वाढलं होतं. मतं ‘इकडून तिकडे गेली’ हे नेहमीचं वाक्य वापरण्याआधी नवी मतं किती आली ते पाहायलाच हवं. कुणाच्या हातून गेलेलं मत आणि कुणाच्या हाती आलेलं मत हे एकच असेल असं नाही.

शहाजीबापूंचंही नीट बघा. १९९५ मध्ये काँग्रेसचे आमदार, नंतर अनेक वर्षं हरत राहिले, २०१४ पासून शिवसेनेत, २०२२ ला शिंदेंसोबत. पक्षाच्या नावानं रकाने भरले तर सांगोल्यात काँग्रेस संपली आणि शिवसेना वाढली असं चित्र येईल. गावात जाऊन विचारलं तर लोक सांगतील, ‘बापूंचं मत’. तोच माणूस, तीच गावं, बरंचसं तेच मत, वरची पाटी बदललेली. एका बाजूला पाटी न बदलता पिढी बदलली, दुसऱ्या बाजूला पिढी न बदलता पाटी बदलली. दशकांचा आलेख काढताना एकाला पक्षाच्या नावानं आणि दुसऱ्याला माणसाच्या नावानं मोजावं लागतं, आणि हे लक्षात ठेवलं नाही तर आलेख सुबक दिसतो पण खोटं सांगतो.

तुलना करताना सर्वांत मोठी अडचण मात्र सीमांची असते. १९६२ चा सांगोला मतदारसंघ आणि आजचा सांगोला मतदारसंघ नावानं एक असले तरी जमिनीवर एक नाहीत. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा १९६२ ला २६४ होत्या, १९६७ ला २७०, आणि १९७८ पासून २८८ आहेत. जागा वाढल्या की मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या जातात. नंतर २००१ च्या जनगणनेवरून पुनर्रचना झाली आणि तिच्या आधारे पहिली विधानसभा निवडणूक २००९ ला झाली. या पुनर्रचनेत सगळा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ असा आजचा मतदारसंघ ठरला. बांध सरकवला की गेल्या वर्षीचं उत्पन्न यंदाच्या उत्पन्नाशी थेट ताडून पाहता येत नाही, तसंच हे आहे. २००४ चे आकडे घेऊन २००९ शी वजाबाकी करणारा कुणी भेटला तर त्याला आधी भाळवणीबद्दल विचारा.

मतदारही बदलला. १९६२ ला मत द्यायला २१ वर्षं पूर्ण लागायची. ६१ व्या घटनादुरुस्तीनं १९८९ पासून ती १८ झाली. म्हणजे गणपतरावांचा १९९० चा विजय हा आधीच्या सगळ्या विजयांपेक्षा वेगळ्या मतदारयादीवरचा पहिला विधानसभा विजय.

लोकसभेचं सांगायचं तर, पुनर्रचनेनंतर सांगोला माढा लोकसभेत आहे. तिथून २००९ ला शरद पवार, २०१४ ला राष्ट्रवादीचे विजयसिंह मोहिते-पाटील, २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि २०२४ ला शरद पवार गटाचे धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले. यात शेकापचं नाव कुठंच नाही. तोच मतदार सहा महिन्यांच्या अंतरानं दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतो. मात्र माढ्याचा खासदार कोण झाला यावरून सांगोल्यानं कुणाला मत दिलं हे कळत नाही, कारण माढ्यात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यासाठी विधानसभानिहाय आकडे वेगळे काढावे लागतात.

ते मिळतात. प्रत्येक निवडणुकीनंतर ‘नमुना २०’ नावाचा अंतिम निकालपत्रक तयार होतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मतं पडली ते ओळीनं लिहिलेलं असतं. अलीकडच्या निवडणुकांचे नमुने राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आहेत. स्वतःच्या मतदारसंघाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर सुरुवात तिथून करा. आपल्या गावचं केंद्र शोधा आणि सलग दोन-तीन निवडणुकांचे आकडे कागदावर एकाखाली एक लिहा. एकूण मतदान आधी, मग पहिल्या तिघांची मतं, मग फरक. केंद्राचा क्रमांक दर निवडणुकीत बदलू शकतो, म्हणून क्रमांकावर न जाता शाळेच्या नावावर आणि मतदारयादीच्या भागावर जा. एवढं केलंत तरी गावात कोण कुणासोबत गेला याच्या पारावरच्या निम्म्या गोष्टी आकड्यांत पडताळता येतील, आणि काही खोट्या निघतील.

सांगोल्यासाठी हे काम करायचं असेल तर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुका एका चौकटीत बसतात, कारण हद्द एकच आहे. ही चौकट फार काळ राहणार नाही. ८४ व्या घटनादुरुस्तीनं जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्या जनगणनेनंतर पुनर्रचना होईल, आणि महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी २०२३ ची घटनादुरुस्तीही पुनर्रचनेनंतरच लागू व्हायची तरतूद आहे. भाळवणी सांगोल्यात राहील की पंढरपूरकडे परत जाईल, मतदारसंघ राखीव होईल की खुला राहील, हे तेव्हा ठरेल. म्हणून आताच्या सीमांवरचे केंद्रनिहाय आकडे आत्ताच उतरवून ठेवलेले बरे.